कातडीसकट

गावाचं नाव मार्केट,
आणि गावात मासळीबाजार नाही.
समोर सुपिरिअर. भूगोलाच्या पुस्तकात सरोवर,
मी भंडाऱ्याची, मी तलाव म्हणते.
पलीकडचा काठ दिसत नाही,
पण जीभ लावली तर मीठ नाही.
म्हणून तलाव.

दुकानात मासा मिळतो तो सोललेला,
थर्माकोलच्या ताटलीत, खाली ओल टिपायला फडकं.
कोणत्या पाण्यातला, विचारायची सोय नाही.

आर्वो निएमेला मात्र अख्खा आणतो.
शेजारी, वय एक्याऐंशी.
बर्फाला भोक पाडून सकाळभर बादलीवर बसतो
आणि माझ्या मागच्या दाराशी
वर्तमानपत्रात गुंडाळलेला ट्राउट ठेवून
बेल न वाजवता जातो.
उलगडला की पोटावर
हवामानाचा अंदाज, उलटा उमटलेला.

पहिल्यांदा सुरी लावली
तर हातातून सिंकमध्ये, सिंकमधून फरशीवर.
मेलेला, तरी जायचंच होतं त्याला कुठेतरी.
तेव्हा आठवली राख.

पवनीला बाबा बसायचे घाटाच्या खालच्या अंगाला,
पुढ्यात वैनगंगेची मरळ, वाम, शिंगूर.
बुळबुळीत मासा राखेत घोळायचा,
खरबरीत दगडावर घासायचा,
की हातात राहतो, ऐकतो.
कुणी म्हणालं, "चामडी काढून द्या जी,"
तर बाबा वर न बघता म्हणत,
"मंग कापूसच खा ना."

कुंपण ओलांडून गेले
आणि आर्वोच्या सौनाच्या भट्टीतली राख मागितली.
डबा भरून दिली, कारण विचारलं नाही.
मग मागोमाग आला बघायला, बुटांवरच्या बर्फासकट.
बर्चची राख.
बोटांना तशीच लागली, पवनीसारखी,
फक्त गार.

हळद, तिखट, लसूण, मीठ.
(जवसाचं तेल इथे लाकडी खुर्च्यांना लावतात.)
बिडाचा तवा धुरावला.
कातडी खाली, आर्वो म्हणाला, आणि हलवू नको.
चर्र झालं, माशाने पाठ उचलली,
माझा हात उलथन्याकडे गेला
तर त्याने कोपर धरलं.
घाई केलीस तर तव्याला देऊन बसशील.
सुटायचं असेल तेव्हा तो आपणच सुटतो.
सुटला.

एक सांगायचं राहिलं.
सोमवार ते शुक्रवार मी पाण्याच्या प्रयोगशाळेत असते.
माशाची कातडी, तिच्याखालची चरबी
कापून काचेच्या नळीत भरते,
कारण जुन्या कारखान्यांचं जे जे पाण्यात उतरलं
ते चरबीत राहायला येतं आणि जात नाही.
चवही नेमकी त्याच घरात राहते.
आमच्या भिंतीवर तक्ता आहे:
कातडी काढा. चरबी काढा. महिन्यातून एकदा.
तो लॅमिनेट मीच केला.

आर्वोला दाखवला होता. चष्मा चढवून
शेवटच्या ओळीपर्यंत वाचला त्याने.
म्हणाला, पन्नास वर्षं उशिरा आलात.

बाबांच्या नदीचं कुणी काही नळीत भरलं नाही.
नागपूरचं सगळं वाहत शेवटी तिकडेच यायचं.
तक्ता नव्हता, म्हणून विष नव्हतं.
आम्ही पाच भावंडं
वामेच्या कातडीवरून भांडलो,
आणि धाकट्या दिनबाला नेहमी मोठा तुकडा,
तो रडायचा म्हणून.
त्याच्याबद्दल मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

आर्वो कातडी आधी खातो, मी शेवटी.
वाळल्या पळसाच्या पानावर पाय पडावा
तशी ती दातांखाली वाजते,
मग वितळते, मग तिखट लागतं,
आणि तो डोळे पुसत म्हणतो, अजून आहे का?

कॅलेंडरवर या महिन्याची एक खूण आधीच आहे.
ताटलीत एकच पट्टी उरलेली.
तो म्हणतो, तू घे. मी म्हणते, तुम्ही.
तलावावर कुठेतरी बर्फ तडकतो, लांबवर,
खिडकीची काच जराशी थरथरते.
मी पट्टी उचलते,
मधोमध मोडते.